पाच वाजताची भूक

डिसेंबरातली संध्याकाळ होती. दवाखान्यातले पंखे बंद होते, बाकावर बसलेल्या दोन आज्यांनी कानाला मफलर बांधले होते, आणि त्यांच्या शेजारी नंबर लावून बसलेल्या ताईंच्या वरच्या ओठावर मात्र घाम डवरला होता. डावा पाय उजव्या मांडीवर घेऊन त्या अंगठ्यानं गुडघ्याखाली काहीतरी जोर लावून दाबत होत्या. ओठ हलत होते, म्हणजे मोजत असाव्यात. माझ्या सिस्टरांनी जवळ जाऊन विचारलं तेव्हा म्हणाल्या, "काही नाही ओ, भूक लागली. दहा मिनिटं दाबलं की जाती."

घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरवर साखर पाहिली, 58. सत्तरच्या खाली गेली की आम्ही ती कमी म्हणतो आणि लगेच काहीतरी गोड देतो. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पुढं केली, तर ताई ग्लास हातात घेईनात. "मॅडम, दीड महिना कष्ट केलेत. आता साखर पाजता होय?" अखेर प्यायल्या. पंधरा मिनिटांनी आकडा 84 आला, घाम आटला, आणि भूकही गेली. भूक साखरेनं गेली, पण ताईंनी तिचं श्रेय अंगठ्याला दिलं.

त्या दिवसापासून पुढचे सहा महिने या केसचा जो अभ्यास झाला तो त्यांच्या परवानगीनं इथं मांडते आहे. नाव देत नाही.

ताईंचं वय 46. शाळेच्या गणवेशांचं शिलाईकाम करणारं छोटं युनिट त्या चालवतात. सात मशिन, एक ओव्हरलॉक, काज-बटणाचं काम बाहेर. सोलापूरबाहेरच्यांना चादर माहीत असते, पण इथं गणवेश शिवणारी घरंही गल्लोगल्ली आहेत, आणि एप्रिल ते जून हा त्यांचा सुगीचा काळ. ताई दुपारभर कटिंगच्या टेबलाशी उभ्या असतात. उंची 154 सेंटीमीटर. ऑक्टोबरात वजन 74.5 किलो, म्हणजे बीएमआय 31.4. भारतीयांसाठी 25 च्या पुढं आपण लठ्ठपणा धरतो. कंबर 98 सेंटीमीटर, बायकांसाठी 80 ची मर्यादा सांगितली जाते.

तीन वर्षांपूर्वी मधुमेह निघाला तेव्हा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, 9.1 होता. तेव्हा मीच ग्लिमेपिराइड 1 मिलीग्रॅम आणि मेटफॉर्मिन 500 मिलीग्रॅम अशी एकत्र गोळी सकाळ-रात्र सुरू केली. जोडगोळीच ती. घेणाऱ्याच्या लेखी मात्र ती नुसती "शुगरची गोळी" असते. आत दोन औषधं आहेत आणि दोघांचे स्वभाव निराळे आहेत हे कुणाच्या गावी नसतं, कारण आम्ही सांगत नाही. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातून रक्तात येणारी साखर आवरतं. एकट्यानं घेतलं तर साखर फारशी धोक्याच्या खाली नेत नाही, वजनही वाढवत नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला ढोसतं, इन्शुलिन सोडायला लावतं. ताट समोर असो वा नसो, ते आपलं काम करतच राहतं, आणि त्याचा अंमल जवळजवळ दिवसभर टिकतो.

ऑक्टोबरात त्यांचा आकडा 6.4 आला होता. मी शाबासकी दिली, "हेच चालू ठेवा" म्हणाले आणि पुढचा नंबर बोलावला. माझी चूक तिथं झाली. इन्शुलिन ढोसणाऱ्या गोळीवर असलेल्या, दिवसभर उभं राहून राबणाऱ्या बाईचा आकडा 6.4 येतो, तर मध्येच कधीतरी साखर खाली घसरते का, हे विचारायला हवं होतं. मी तो आकडा प्रगतिपुस्तकासारखा वाचला.

त्यानंतर दिवाळी झाली, आणि नोव्हेंबरात ताईंनी दहा दिवसांचा अ‍ॅक्युप्रेशरचा वर्ग लावला. पंधराशे रुपये फी. त्यात एक लाकडी रोलर, काटेरी टोकांच्या चपला, कानाला चिकटवायच्या बियांची पट्टी आणि ठिपके मारलेल्या माणसाच्या चित्राची पुस्तिका. भूक लागली की चार जागा दाबायच्या, दुपारी अर्धी भाकरी आणि कोशिंबीर, संध्याकाळी सहानंतर काही नाही, असा नियम. गोळ्यांबद्दल तिथं कुणी विचारलं नाही. यात वर्गवाल्यांना एकट्यांना दोष देण्यात अर्थ नाही, मी तरी कुठं विचारलं होतं!

त्या चार जागा सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी त्या दाबल्या असतील. पहिली, गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं आणि नडगीच्या हाडापासून बाहेरच्या अंगाला एक बोट. चिनी नाव झु-सान-ली, शब्दशः "पायाचे तीन ली". ली हे अंतराचं जुनं चिनी माप. थकलेला वाटसरू इथं दाबून आणखी तीन ली चालू शकतो, अशी कथा सांगतात. दुसरी, मनगटाच्या सुरकुतीपासून वर तीन बोटं, दोन शिरांसारख्या ताठ दोऱ्यांच्या मध्ये. तिसरी, बेंबी आणि छातीच्या हाडाचं खालचं टोक यांच्या बरोबर मधोमध. चौथी कानावर, भोकापुढं जो छोटा उंचवटा असतो तिथं. वर्गात तिला "भुकेचं बटण" म्हणत.

मनगटाच्या जागेबद्दल पुरावा बरा आहे, पण तो मळमळीसाठी, विशेषतः शस्त्रक्रियेनंतरच्या. भुकेसाठी तो पुरावा उसना घेता येत नाही. गुडघ्याखालच्या जागेची तर गंमतच आहे. परंपरेत ती पोटाला बळ देण्यासाठी, अपचन आणि अन्नावरची वासना गेली असेल त्यासाठी वापरतात. म्हणजे भूक लागावी म्हणूनही तीच दाबायची आणि भूक मरावी म्हणूनही तीच. वर्गात याला "संतुलन" म्हणतात. मला विचाराल तर ज्या बटणानं दिवा लागतो आणि विझतोही, त्याच्याबद्दल तक्रार नाही, पण कधी लागेल आणि कधी विझेल हे आधी सांगता आलं पाहिजे.

वर्गात आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, ही पाच हजार वर्षांची विद्या आहे. दोन, आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी ती भारतात आणली. पण कानाचा जो नकाशा त्या पुस्तिकेत होता, कानाच्या आकारात उलटं झोपलेलं बाळ, तो फ्रान्समधल्या लियाँ शहराच्या डॉ. पॉल नोजिए यांनी 1957 साली प्रसिद्ध केला. सायटिकासाठी कानावर डागून घेतलेले रुग्ण त्यांच्याकडं आले आणि त्यांना बरं वाटतं म्हणाले, तिथून त्यांचं कुतूहल सुरू झालं. डागणी आपल्याकडं खेड्यापाड्यांत कुणाला नवी नाही. आणि द्वारकानाथ कोटणीस शल्यचिकित्सक होते. 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यात ते होते, आणि 9 डिसेंबर 1942 ला तिथंच वारले. त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू पुढं पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर (म्हणजे सुया टोचायची विद्या) शिकले आणि 1959 च्या सुमारास त्यांनी ते कलकत्त्यात सुरू केलं. भैय्या चौकातल्या कोटणीसांच्या स्मारकासमोरून रोज जाणाऱ्या गावानं निदान एवढं नीट सांगावं. ताईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "जाऊ द्या की मॅडम, वजन तर उतरलं ना?"

उतरलं होतं खरं. सहा आठवड्यांत 74.5 वरून 71.2. सव्वातीन किलो थोडे नाहीत, आणि म्हणूनच मला "हे सगळं बंद करा" म्हणायचं नव्हतं. तसं म्हटलं असतं तर ताईंनी मान डोलावली असती आणि दवाखाना बदलला असता. मी त्यांना एक वही दिली. रकाने चारच: वेळ, भूक दहापैकी किती, दाबल्यावर दहा मिनिटांनी किती, आणि दाबण्याआधीची साखर. ग्लुकोमीटर दवाखान्यातला दिला. एक अट घातली की आकडा सत्तरच्या खाली दिसला तर दाबायचं नाही, साखर खायची. काटेरी चपला त्याच दिवशी बंद करायला सांगितल्या. मधुमेहात तळपायाची संवेदना कमी झाली असेल तर टोचतंय हे कळतच नाही आणि जखम होऊन बसते. नायलॉनच्या तंतूनं त्यांचे तळवे तपासले, संवेदना ठीक होती. तरी चपला नकोतच. कानावरच्या बिया पाहिल्या, एका बीखाली कातडी लाल झाली होती. कानाच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिथं जंतू शिरले तर बरं होणं लांबतं. ती पट्टीही काढली.

पाच दिवस गोळी तीच ठेवली, पण दुपारची भाकरी पूर्ण करायला लावली. गोळी आपल्या मनानं थांबवू नका, हेही दोनदा बजावलं, कारण अशा वेळी माणसं दुसऱ्या टोकाला जातात.

पाच दिवसांनी वही आली. कापड मापायच्या टेपनं रेघा आखलेल्या, आकडे बिलबुकातल्यासारखे टपोरे. त्यात दोन भुका होत्या, आणि दोघींचा एकमेकींशी संबंध नव्हता.

पहिली दुपारी साडेचार ते साडेपाच या वेळातली. साखर 66, 61, 72, 64 आणि 69. पुढं ताईंनी आपणहून लिहिलेलं, "हात थरथर", "डोकं हलकं", "कातरी धरवेना". दुसरी रात्री अकराच्या पुढची, युनिट बंद करून, हिशेब लिहून, टीव्हीसमोर बसल्यावरची. तेव्हा साखर 128, 141, 119. पुढं काहीच लिहिलेलं नाही, फक्त एके ठिकाणी "चिवडा आठवला".

पाच वाजताची भूक ही शरीराची हाळी होती. रक्तातली साखर उतरली की शरीर आधी घाम, थरथर, धडधड आणि भूक या मार्गांनी ओरडतं. त्याकडं दुर्लक्ष झालं आणि साखर आणखी खाली गेली की मेंदूचं काम बिघडायला लागतं. मग बोलणं असंबद्ध होतं, झापड येते, माणूस पडतोसुद्धा. ताई दीड महिना ती हाळी अंगठ्यानं दाबत होत्या, आणि सात मशिनी चालू असलेल्या खोलीत, हातात कटिंगची कातर घेऊन दाबत होत्या.

वर्गाआधी तरी काय होत होतं? हे विचारल्यावर उलगडा झाला. गेली दोन वर्षं त्या पाचला चहात दोन चमचे साखर, तीन खाऱ्या आणि मूठभर शेंगा-गूळ खात होत्या. त्यांना वाटे, आपल्याला हावरटपणाची सवय लागली. "माझी जीभ वाईट," हा त्यांचा शब्द. प्रत्यक्षात गोळी साखर उतरवत होती आणि त्या नकळत ती रोज वर ओढत होत्या. त्या ओढण्यात चारेकशे कॅलरी सहज जात. गोळीनं भूक लागायची, भुकेपायी खाणं व्हायचं, खाण्यानं वजन वाढायचं, आणि मी वाढलेल्या वजनाबद्दल दर तीन महिन्यांनी त्यांना बोलत होते. ग्लिमेपिराइडसारख्या औषधांनी वजन वाढतं हे मला परीक्षेत पाठ होतं.

जोडगोळी बंद केली. नुसतं मेटफॉर्मिन 500 सकाळ-रात्र ठेवलं, दुपारी एक भाकरी, डाळ आणि पालेभाजी, चारला मूठभर फुटाणे. साखर रोज दोनदा तपासायची. चौथ्या दिवसानंतर पाचची साखर सत्तरच्या खाली आली नाही. आठवड्यानं ताई म्हणाल्या, "मॅडम, पाच वाजले ते कळलंच नाही." भुकेच्या रकान्यात 8 आणि 9 च्या जागी 3 आणि 4 दिसायला लागले. तिथं कुठलीच जागा दाबायची गरज उरली नव्हती.

आता रात्रीची. ही भूक साखर खालावल्याची नव्हती, आणि दाबण्यानं ती खरंच कमी होत होती. वहीत 7 ची 4 होत होती, कधी 3. माझ्या मनात शंका अशी की कावळा बसायला आणि फांदी तुटायला. भूक एकसारखी चढत जात नाही, लाटेसारखी येते आणि ओसरते. घ्रेलिन हे जठरातून सुटणारं संप्रेरक 1999 साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं. ते जेवणाच्या नेहमीच्या वेळेआधी वाढतं, आणि जेवलं नाही तरी काही वेळानं पुन्हा उतरतं. म्हणजे दहा मिनिटं काहीही केलं तरी भुकेचा काही भाग आपोआप ओसरायचाच.

मग आम्ही दोघींनी मिळून एक घरगुती प्रयोग केला. रिकाम्या बॉबिनच्या डबीत बारा चिठ्ठ्या, सहावर "गुडघा", सहावर "मांडी". मांडीच्या मधोमध जी जागा ठरवली तिथं त्यांच्या पुस्तिकेत एकही ठिपका नव्हता. रोज रात्री एक चिठ्ठी काढायची आणि तीच जागा दाबायची. बारा रात्रींनंतर गुडघ्याच्या रात्रींची सरासरी 7 वरून 4, मांडीच्या रात्रींची 7 वरून साडेचार. एका बाईच्या बारा रात्रींवरून कुणी सिद्धांत मांडू नये. शिवाय खरी जागा कुठली हे ताईंना माहीत होतं, तेव्हा अर्ध्या गुणाचा फरक त्या माहितीचाही असू शकतो.

ताई वहीकडं बघून हसल्या. "म्हंजे कुठंबी दाबलं तरी चालतंय की!" आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी मला न विचारता तिसरा गट काढला. काहीच न दाबता शिवलेल्या कॉलरी उलटवायच्या. कॉलर शिवून झाली की ती सुलट करून टोकं काढावी लागतात, त्यात दोन्ही हात आणि थोडं लक्ष गुंततं. पाच रात्री, सरासरी 7 वरून 4. "दाबत बसलं तर दहा मिनिटं वाया जात्यात, यात चाळीस कॉलरी होत्यात," हा त्यांचा निष्कर्ष. कुठल्याही शोधनिबंधात मी याहून नेटका निष्कर्ष वाचलेला नाही.

मोठ्या अभ्यासांचं चित्रही काहीसं असंच आहे. कानावरच्या बियांचे जे प्रयोग पूर्वेकडच्या देशांत झाले, त्यांतले बहुतेक थोड्या माणसांवरचे आणि काही आठवड्यांचे. अनेकांत जोडीला आहाराचा सल्लाही दिलेला, त्यामुळं उतरलेल्या किलोचा वाटा कुणाचा हे सांगणं अवघड. अमेरिकेत ओरेगनमधल्या संशोधकांनी 2012 साली एक बराच मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आधी आहार-व्यायामानं वजन उतरवलेली माणसं घेतली आणि त्यांचे दोन गट पाडले. एकाला डोळ्यांच्या आसपास आणि डोक्यामागं बोटं टेकवायची अ‍ॅक्युप्रेशरची एक पद्धत शिकवली, दुसऱ्याला नुसतं एकत्र बसून एकमेकांना आधार द्यायला सांगितलं. उतरलेलं वजन टिकवण्यात दोन्ही गटांत ठोस फरक निघाला नाही. कान दाबल्यानं व्हेगस नावाच्या मज्जातंतूची फांदी चेतवली जाते, असं स्पष्टीकरण देतात. ती फांदी कानात आहे हे खरं, कान कोरताना कुणाकुणाला खोकला येतो तो तिच्यामुळंच. पण खोकल्यापासून किलोपर्यंतचा रस्ता कुणी दाखवलेला नाही.

मग ते सव्वातीन किलो कुठं गेले? वहीवरून माझा अंदाज असा. रात्रीचा वाटीभर चिवडा आणि शेंगा सुटल्या, पाचच्या खाऱ्या सुटल्या, भाकरी अर्धी झाली. नुसत्या रात्रीच्या वाटीचे अडीचशे कॅलरी धरले तरी महिन्याला साडेसात हजार होतात, आणि किलोभर चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी असा ढोबळ हिशेब आहे. हा हिशेब कागदावर सुरेख उतरतो, अंगावर तेवढा नाही, तरी दिशा कळते. पहिल्या आठवड्यात उतरलेल्यात पाण्याचाही वाटा असतो. दाबण्यानं जे दिलं ते एवढंच की डब्याकडं जाणारा हात दहा मिनिटं दुसरीकडं अडकला. ते कमी नाही. मी तीन वर्षं "रात्री खाऊ नका" म्हणत होते, पण हातांनी काय करायचं ते मी कधी सांगितलं नव्हतं.

एप्रिलमध्ये एचबीएवनसी 6.7 आला. जोडगोळीवरच्या 6.4 पेक्षा जरा जास्त, पण घसरण नसलेला. वजन 69.3. मे महिन्यात ऑर्डरी तुंबल्या, रात्री दोन-दोन वाजायला लागले, कारागिरांबरोबर वडापाव आणि गोड चहा सुरू झाला, आणि वजन 70.4 वर गेलं. जून संपेपर्यंत ते तिथंच राहणार हे आम्ही दोघींनी मान्य करून टाकलं. त्या दिवसांत कमी करायला सांगणं म्हणजे पंढरीच्या वाटेवर वारकऱ्याला बसून घ्या म्हणण्यासारखं.

शेवटच्या खेपेला आल्या तेव्हा बोटांना खडूची पूड होती, कटिंगवरून तशाच उठून आल्या होत्या. माझं ग्लुकोमीटर परत केलं, स्वतःचं घेतलं म्हणाल्या, पट्ट्यांची डबी मशिनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनशेजारी असते. निघताना दाराशी थांबल्या.

"मॅडम, माझी जाऊबाई पण शुगरची गोळी घेती. तिनं त्या काट्याच्या चपला घेतल्यात. आणि तिला पण पाचलाच भूक लागती."

"कुठली गोळी?"

"ते तिला तरी कुठं माहीत. पाकीट घेऊन यायला सांगते. चपला घालूनच येईल, तुम्हीच सांगा तिला."